सुटका झालेल्या तट्टूला नव्या घरात रुळवताना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाईजवळ शेती असलेल्या एका कुटुंबाने, थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फेऱ्या मारणारे, अंदाजे बारा वर्षांचे खच्ची केलेले तट्टू एका प्राणिसेवी संस्थेमार्फत सांभाळायला घेतले आहे. आले तेव्हा ते अगदी गरीब होते. अंगावर कुठेही हात फिरवला तरी हलत नसे. महिनाभरात थोडे मांस धरले आणि त्यासोबत वागणे बिघडले, असे ते लिहितात. आता म्होरकी घेऊन जवळ गेले की ते मान वळवून दात दाखवते, आणि मागचा पाय उचलायला गेले की लाथ झाडते. घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीला त्याच्यावर बसायचे आहे. काटेरी लगाम घालून चार दिवस दामटले की ते सुतासारखे सरळ येईल, असा सल्ला गावातील एका जाणत्या माणसाने दिला आहे. तसे करावे का, आणि करू नये तर सुरुवात कुठून करावी?

काटेरी लगाम घालू नये. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली जे नियम झाले, त्यांत काटे, गाठी किंवा टोके असलेला लगाम वापरण्यास मनाई आहे. कायद्याचा भाग सोडला तरी हा उपाय चुकीच्या निदानावर बेतलेला आहे. आपल्या तट्टूचे वागणे बिघडलेले नाही; माझ्या मते ते सुधारू लागले आहे, आणि नेमक्या याच टप्प्यावर अनेक घरे घाबरून तट्टू परत पाठवतात किंवा मारायला सुरुवात करतात.

फेऱ्यांच्या, वरातीच्या आणि टांग्याच्या घोड्यांमध्ये जो ‘गरीबपणा’ दिसतो, त्याकडे घोड्यांबरोबर काम करणारी आम्ही मंडळी जरा संशयानेच पाहतो. काहीही केले तरी टोचणे, ओढणे, ओझे आणि ऊन यांतून सुटका होत नाही, हे वर्षानुवर्षे अनुभवलेले जनावर शेवटी काही करणेच सोडून देते. त्याचे डोळे उघडे असतात पण कशावर खिळलेले नसतात, कान दोन्ही बाजूंना पडलेले राहतात, तोंडावर बसलेली माशीही ते हाकलत नाही आणि दारातून नवा माणूस आला तरी मान वर करत नाही. पाहणाऱ्याला ते शांत वाटते. प्रत्यक्षात त्याने नकार देणे थांबवलेले असते. पोटभर वैरण, सावली आणि विश्रांती मिळाली की अंगात ताकद येते आणि नकारही परत येतो. आपल्याकडे तेच झाले आहे. आता तो नकार नेमका कशाला आहे हे शोधावे लागेल, आणि त्याचे उत्तर बहुधा त्याच्या शरीरातच सापडेल.

आपण लिहिलेल्या दोन्ही जागा, म्हणजे तोंड आणि मागचे पाय, फेऱ्यांच्या तट्टूच्या सर्वांत जास्त दुखावलेल्या जागा असतात. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये हिरडीचा एक मोकळा पट्टा असतो, तिथे लगामाची कडी बसते. तिथली कातडी पातळ असते आणि लगेच खाली हाड असते, त्यामुळे लगाम वर्षानुवर्षे हिसडला गेला की त्या हाडावर उंचवटे येतात आणि नुसते बोट लागले तरी कळ जाते. दुसरे कारण दाढांचे आहे. घोड्याच्या दाढा झिजत जातात तशा हिरडीतून वर्षाला दोन-तीन मिलिमीटर बाहेर येत राहतात, आणि वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची कड व खालच्या दाढांची जिभेकडची कड धार लावल्यासारखी होते. म्होरकीचा नाकावरचा पट्टा आवळला की गालाचे आतले मांस त्या धारेवर दाबले जाते. म्होरकी पाहताच तट्टू दात दाखवत असेल तर ते माणसावर रागावले आहे असे समजण्याआधी त्याचे तोंड पाहून घ्यावे. घरी तपासायची एक सोपी खूण आहे: त्याच्या गव्हाणीखाली अर्धवट चावून टाकलेल्या वैरणीचे ओले गोळे पडलेले दिसतात का, आणि खाताना ते मान एका बाजूला कलती करते का, हे पाहावे. दिसत असतील तर दाढा कानशीने घासून घेण्याची गरज आहे. हे काम पशुवैद्यानेच, गुंगीचे औषध देऊन आणि जबडा उघडा ठेवणारे साधन लावून करायचे असते.

मागच्या पायांचेही तसेच आहे. पाठीवर माणूस घेऊन वर्षानुवर्षे चढ-उतार करताना मागच्या सांध्यांवरही ताण येतो, आणि बारा वर्षांच्या कामकरी तट्टूच्या त्या सांध्यांत झीज असणे अगदी स्वाभाविक आहे. असा पाय उंच उचलून बाजूला ओढला की तो दुखतो, आणि ज्या दुसऱ्या पायावर सगळा भार पडतो तोही दुखतो. शिवाय मागचे पाय दोरीने बांधून ठेवण्याची, म्हणजे पिछाडीची, पद्धत आपल्याकडे अजून आहे. खुराच्या वरच्या सांध्याभोवती केस गेलेले किंवा पांढरे केस आलेले गोल वळे दिसले, तर दोरीने तो पाय कधीतरी सोलला होता असे समजावे. पाठही तपासावी. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांची टोके हलक्या दाबाने मागे नेत गेले असता एखाद्या जागी पाठ खाली दबते, कातडी थरथरते किंवा शेपूट झटकली जाते; तिथे बहुधा खोगिराने केलेली इजा असते.

तेव्हा पहिले काम पशुवैद्याची भेट. आपल्यापासून शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय फार लांब नाही. तिथे दात, सांधे आणि रक्त यांची एकत्र तपासणी करून घेता येईल. रक्ततपासणीत ग्लँडर्सचा अहवाल नसेल तर तो आधी मागून घ्यावा. हा जिवाणूजन्य रोग घोड्यांना होतो, माणसालाही होऊ शकतो, आणि त्यावर जनावरात उपचार केले जात नाहीत. बाधित जनावराला कायद्यानुसार दयामरण द्यावे लागते. २००६ मध्ये महाराष्ट्रात, पाचगणी आणि पुणे भागातच, या रोगाने डोके वर काढले होते, त्यामुळे आपल्या भागात ही केवळ कागदी खबरदारी नाही. तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रामार्फत होते. नमुने पाठवण्याची व्यवस्था तालुक्याच्या पशुसंवर्धन विभागाकडून होते. अहवाल येईपर्यंत त्याची बादली, खरारा आणि दोर वेगळे ठेवावेत, शेजारच्या घोड्याशी नाकाला नाक लागू देऊ नये, आणि नाकातून घट्ट पिवळसर स्राव किंवा पायांवर गाठी दिसल्यास मुलांना जवळ जाऊ देऊ नये. सर्रा या रोगाचीही तपासणी त्याच वेळी करावी. चावणाऱ्या मोठ्या माश्या तो पसरवतात, ताप येतो-जातो, पोटाखाली व पायांना सूज येते, आणि जनावर खात असूनही खंगत जाते. धनुर्वाताची लस चुकवू नये. पाळीव जनावरांत घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा प्राणी नाही, आणि शेतावर गंजके खिळे असतातच.

एक सूचना इथेच करतो, कारण गोठा असलेल्या घरात ही चूक सहज होते. गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी वापरले जाणारे अमिट्राझ हे औषध घोड्याला लावू नये. त्याने आतड्यांची हालचाल मंदावून जिवावर बेतणारा पोटशूळ होऊ शकतो. तसेच कोंबड्यांचे खाद्य आणि काही जनावरांचे तयार पशुखाद्य यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते. गाईला ते चालते. घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र त्याच्या अगदी थोड्या मात्रेने निकामी होतात. तट्टू सुटून कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यापर्यंत पोहोचणार नाही अशी व्यवस्था करावी.

खाण्याविषयी लोक फार उदार असतात, आणि तट्टूला त्या उदारपणाचाच त्रास होतो. वजन काढण्यासाठी काटा लागत नाही. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८७७ केले की वजन किलोग्रॅममध्ये मिळते. घेर १३५ आणि लांबी १२५ असेल तर तट्टू सुमारे १९२ किलोंचे आहे. अशा तट्टूला दिवसाला कोरड्या वजनाने साधारण चार किलो वैरण पुरते. ती दोन वेळा ढिगाने न देता चार-पाच वेळा थोडी थोडी द्यावी, कारण घोड्याचे जठर लहान असते, त्यात आम्ल सतत स्रवते आणि पोट तासन्‌तास रिकामे राहिले की अल्सर होतात. डोंगरी गवत, हरळी, मारवेल आणि स्वच्छ कडबा उत्तम. बुरशी लागलेला कडबा गाय कदाचित पचवील, घोडा पचवणार नाही. पेंढी सोडल्यावर धूर निघाल्यासारखी पांढरी भुकटी उडाली तर ती पेंढी गव्हाणीत जाता कामा नये. हिरवी ज्वारी, विशेषतः कोवळी किंवा पावसाने ताण दिलेली, देऊ नये. तिच्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. आपल्या भागात ऊसतोडणीच्या दिवसांत वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकट मिळतात आणि ते देण्याचा मोह होतो, पण त्यांतील ऑक्झलेट शरीरातले कॅल्शियम बांधून ठेवते. गव्हाचा कोंडा रोज भरपूर देण्यानेही हाडांतले कॅल्शियम असेच ओढले जाते आणि कालांतराने तोंडाची हाडे सुजून मऊ पडतात. चंदी म्हणून मूठ-दोन मूठ भिजवलेले हरभरे, मिठाचा खडा आणि मुबलक स्वच्छ पाणी एवढे सध्या पुरे आहे.

अगदी हाडांचा सापळा होऊन आलेल्या तट्टूची गोष्ट वेगळी असते. त्याला एकदम धान्य घातले तर रक्तातील फॉस्फरस व पोटॅशियम झपाट्याने घसरून काही दिवसांत ते दगावू शकते, म्हणून तिथे पहिले दहा दिवस लसूणघास आणि गवत थोडे-थोडे, पशुवैद्याच्या देखरेखीखाली देतात. आपला तो टप्पा उलटून गेला आहे. आपल्याला धोका दुसऱ्या बाजूने आहे. पावसाळ्यात बांधावरच्या लुसलुशीत गवतावर दिवसभर सोडलेले तट्टू लठ्ठ होते आणि त्याच्या खुरांच्या आत दाह होतो. ते पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभे राहते, कठीण जमिनीवर पाय उचलायला तयार होत नाही, खूर हाताला गरम लागतात. त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवावे. आळशी झाले आहे म्हणून त्याला पळवू नये.

राहण्याच्या जागेबाबत फारसे सांगण्यासारखे नाही: तीन बाजूंनी आडोसा, वर छप्पर, खाली मुरमाची उताराची जमीन, आणि फिरायला कुंपण घातलेला एखादा तुकडा. काटेरी तार मात्र काढून टाकावी. घोडा घाबरला की आधी पळतो आणि तार नंतर पाहतो. पावसाळ्यात रोज खुरांच्या तळव्यातला चिखल काढावा. तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग काळा पडून कुजका वास येऊ लागला तर ओल जास्त आहे.

सोबत हा मुद्दा मात्र मी जागेहून मोठा मानतो. घोडा कळपाचा प्राणी आहे. एकटा घोडा रात्रभर पहारा देत राहतो. उभ्या उभ्या तो डुलकी घेऊ शकतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते, आणि कोणीतरी जागे आहे अशी खात्री असल्याशिवाय तो आडवा होत नाही. सकाळी खरारा करताना त्याच्या कुशीला आणि गालाला गवताच्या काड्या चिकटलेल्या सापडू लागल्या की तट्टू घरात रुळू लागले असे समजावे. माझ्या दृष्टीने ही खूण म्होरकी घालू देण्यापेक्षा महत्त्वाची आहे. दुसरे तट्टू आणणे शक्य नसेल तर एखादी शेळी किंवा शांत गाय चालते. भीमा-नीरेच्या खोऱ्यात धनगरांच्या मेंढ्यांबरोबर भीमथडी घोडी आयुष्यभर चालतात, संसाराचे सामान वाहतात, आणि त्यांची शिंगरे आईच्या मागे चालत चालतच कामाला सरावतात. मेंढ्यांचा कळपही त्यांना आपला वाटतो.

आता शिकवण्याकडे येऊ. तपासणी होऊन दातांचे आणि दुखण्याचे उपचार सुरू झाल्यानंतरच हे सुरू करावे, आणि रोज दोन वेळा, प्रत्येकी दहा मिनिटांहून जास्त करू नये. घोडा दाबाने शिकत नाही. दाब सुटतो त्या क्षणाला तो जे करत असतो ते शिकतो. दोर ओढल्यावर त्याने एक पाऊल टाकले आणि त्याच क्षणी दोर सैल झाला, तर त्याने चालणे शिकले. पाऊल टाकल्यावरही दोर ताणलेलाच राहिला तर त्याने फक्त एवढेच शिकले की चालून काही उपयोग नाही. फेऱ्यांच्या तट्टूंना ‘तोंडाला जड’ म्हणतात ती ही दुसरी शिकवण असते.

म्होरकीपासून सुरुवात करावी, पण म्होरकी घालणे हे उद्दिष्ट ठेवू नये. म्होरकी हातात घेऊन त्याच्या खांद्याच्या दिशेने, थोडे तिरके चालत जावे. घोड्याला नाकाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या अगदी मागचे दिसत नाही, त्यामुळे समोरून किंवा मागून येणारा माणूस त्याला अचानक उगवल्यासारखा वाटतो. चालताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. दात दाखवणे ही शेवटची पायरी असते. तिच्याआधी बरेच काही घडून गेलेले असते. डोळ्याच्या वर, पापणीच्या मागे एक त्रिकोणी सुरकुती पडते. नाकपुडी अरुंद होऊन तिच्या कडा ताठ होतात. ओठ आवळले जातात आणि हनुवटीचा गोळा वर येतो. मग कान मागे जातात, मग मान फिरते, आणि मग दात. त्रिकोणी सुरकुती दिसताच थांबावे आणि उभे राहावे. श्वास सोडावा. काही सेकंदांत सुरकुती निवळते, कान आपल्याकडे वळतो, कधी तोंड हलते किंवा जांभई येते. त्या क्षणी पाठ वळवून दोन पावले मागे जावे.

इथे एक बारकावा आहे आणि सगळा खेळ त्यावर अवलंबून आहे. दात दाखवल्यावर आपण मागे हटलो तर आपण त्याला दात दाखवायला शिकवतो. दात दाखवण्याआधी, ते निवांत उभे असताना मागे हटलो तर निवांत उभे राहायला शिकवतो. आपल्या घरी गेल्या महिन्यात बहुधा पहिला प्रकार रोज घडला आहे: म्होरकी नेली, दात दिसले, हात मागे घेतला. म्हणून आता अंतर वाढवून, जिथे त्याला मुळीच हरकत नाही तिथून सुरुवात करावी. अंदाज चुकून दात दिसलेच, तर मारू नये आणि पळूही नये. खांद्यालगत, तोंडाच्या टप्प्याबाहेर स्थिर उभे राहावे, ते सैल होईपर्यंत थांबावे आणि मग मागे यावे. तोंडावर एक फटका मारल्याने दात दिसणे कदाचित थांबेल, पण मग पुढच्या वेळी ते कोणतीही सूचना न देता चावेल.

खांद्यापर्यंत पोहोचता येऊ लागले की पाठीवर थापट्या मारण्याऐवजी मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथे बोटांनी खाजवावे. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात, आणि तिथे खाजवल्याने त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात हे मोजून पाहिलेले आहे. जागा बरोबर लागली की त्याचा वरचा ओठ लांब होऊन हलू लागतो. मग म्होरकी नुसती मानेला लावावी, काढावी. गालाला लावावी, काढावी. नाकपट्टा मोठा सैल ठेवून त्यात स्वतःहून नाक घालण्याची वाट पाहावी. खाऊ द्यायचा असेल तर हातातून देऊ नये, कारण दात दाखवणाऱ्या तट्टूला बोटे आणि खाऊ यांतला फरक शिकवणे हे आणखी एक काम होऊन बसते. ‘शाब्बास’ असा एकच शब्द, एकाच स्वरात, नेमक्या योग्य क्षणी उच्चारावा आणि मग गाजराचा तुकडा घमेल्यात टाकावा. गूळ देऊ नये. तट्टूच्या शरीराला जास्तीची साखर सोसत नाही.

मागच्या पायासाठी हातभर लांब काठीच्या टोकाला कापूस भरलेला जुना हातमोजा बांधावा. त्याच्या खांद्याजवळ, शेपटीकडे तोंड करून उभे राहून तो मोजा पुठ्ठ्यावरून मांडीवर, मांडीवरून खाली फिरवावा. लाथ झाडली तर ती हवेत जाईल. मोजा तिथेच, अलगद टेकलेला ठेवावा, आणि पाय जमिनीवर स्थिर झाला की लगेच काढून घ्यावा. लाथेने मोजा जात नाही आणि स्थिर राहिल्याने जातो, हे त्याच्या लक्षात यायला फार दिवस लागत नाहीत. मग मोज्याच्या जागी हात. पाय हातात येऊ लागला तरी तो एखादा इंचच उचलावा, त्याने हिसका देण्याआधी आपणच सावकाश खाली टेकवावा, आणि कधीही बाजूला ओढू नये. पोटाखालच्या सरळ रेषेत, जमिनीलगत ठेवावा. नालबंदाला आधीच सांगावे की पाय गुडघ्यावर न घेता खाली वाकून काम करावे लागेल, आणि एका दिवशी दोनच खूर झाले तरी चालतील. नाल सध्या ठोकूच नयेत. डांबरी रस्त्यावर काम नसेल तर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासून घेणे पुरेसे असते. चांगला नालबंद कुरकुर करील, पण ऐकेल. जो ऐकणार नाही त्याला पुन्हा बोलावू नये.

चालण्याचे शिक्षण त्यामानाने सोपे जाते. फेऱ्यांच्या तट्टूला पुढच्या तट्टूच्या शेपटीमागे चालायची सवय असते, माणसाच्या बाजूने चालायची नसते. त्यामुळे आधी आवारातच चालणे, थांबणे आणि एक पाऊल मागे येणे शिकवावे. दोर हाताला कधीही गुंडाळू नये. खांबाला बांधताना दोर थेट न बांधता खांबाला सुतळीचा एक फास करून त्यात अडकवावा, म्हणजे ते दचकून मागे खेचले तर सुतळी तुटेल, मान मोडणार नाही. रस्त्यावर न्यायची घाई करू नये. ऊसतोडणीच्या हंगामात गाणी लावलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची जी रांग लागते तिच्यापुढे भलेभले घोडे बावरतात. त्या दिवसांत फिरणे बांधावरूनच ठेवावे आणि आवाज लांबून ऐकू द्यावा.

मुलीच्या बसण्याविषयी स्पष्ट सांगतो. घोड्याच्या वजनाच्या साधारण पंधरा ते वीस टक्क्यांपर्यंत ओझे, तेही खोगिरासकट, हे सर्वसाधारण मानले जाणारे प्रमाण आहे. १९२ किलोंच्या तट्टूला ते २९ ते ३८ किलो होते. १९६५ च्या नियमांत ओझ्याच्या तट्टूसाठी ७० किलोंची मर्यादा आहे. ती कायद्याने आखलेली वरची रेघ आहे, पाठ दुखावलेल्या तट्टूसाठी दिलेले माप नव्हे. मुलगी २६ किलोंची आणि खोगीर पाच किलोंचे धरले तर आज जेमतेम जमते. पण पाठीचे स्नायू भरायला कित्येक महिने लागतील आणि तोपर्यंत मुलगीही वाढेल. म्हणजे तिला बसण्यासाठी एक-दोन वर्षांचाच काळ मिळेल, आणि कदाचित तोही मिळणार नाही. घरातल्या मोठ्या माणसांनी त्याच्यावर कधीही बसू नये. पशुवैद्याने परवानगी दिली तर पहिली पायरी रिकामे, मापात बसणारे खोगीर. दुसरी, कोणीतरी दोर धरून पाच मिनिटे सपाटीवर. आणि हे सगळे लगामाशिवाय, म्होरकीवरच. तोंडात काही घालण्याची गरज अशा कामाला मुळीच पडत नाही.

तोवर तिने करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि मुले ते आवडीने करतात. खरारा करणे, सकाळी अंगावरच्या काड्या पाहणे, ‘शाब्बास’ वेळेवर म्हणणे यांत मुले मोठ्यांपेक्षा तरबेज असतात, कारण ती चेहऱ्याकडे पाहत राहतात. मोठे माणूस हजर असल्याशिवाय आत जायचे नाही, पायात बूट, बसताना डोक्यावर हेल्मेट, मागून जायचे नाही, आणि तट्टू खाताना किंवा आडवे झालेले असताना त्याला हात लावायचा नाही, एवढे नियम पुरेत.

शेवटी कागदांचे. तट्टू पोलिसांनी किंवा संस्थेने गुन्ह्याच्या प्रकरणात जप्त केलेले असेल तर खटला संपेपर्यंत ते मुद्देमाल असते, आणि न्यायालयाच्या आदेशाने त्याचा ताबा बदलू शकतो. आपल्याकडे ते कायमचे आहे की सांभाळायला दिलेले आहे, हे संस्थेकडून लेखी घ्यावे. तट्टे पंचवीस वर्षे, कधी तीसही जगतात, तेव्हा बारा वर्षांच्या तट्टूचे निम्म्याहून जास्त आयुष्य अजून आपल्याकडे जायचे आहे आणि तोपर्यंत मुलगी शिकायला बाहेरगावी गेलेली असेल. ते विकायचे नाही, सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या बाजारात न्यायचे नाही, वरातीला किंवा जत्रेत भाड्याने द्यायचे नाही, आणि सांभाळणे अशक्य झाले तर ते त्याच संस्थेने परत घ्यायचे, ही चार कलमे करारात नसतील तर ती आजच घालून घ्यावीत.